कागदात नसलेला एडका

विट्याच्या पोलीस लायनीत कृष्णात हवालदारांची एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. त्यांच्या पत्नीनं, लीलाबाईंनी, शेजारच्या रंगूबाईंकडून शेवयांचा पाट आणला होता आणि हवालदार सहज बोलून गेले होते, "बुधवारी परत देतो." बुधवारी पाहतात तो रंगूबाई माहेरी गेलेल्या, आठ मैलांवर. हवालदारांनी पाट सायकलच्या हँडलला बांधला, लीलाबाईंना मागं बसवलं आणि भर दुपारी जाऊन पाट पोचता केला. दारात पोलीस बघून रंगूबाईंच्या म्हाताऱ्या वडलांना वाटलं, जावयानं काहीतरी करून ठेवलं. त्यांना पाणी पाजून सावध करावं लागलं. लायनीतले लोक ही गोष्ट सांगून पोट धरून हसत. लीलाबाई मात्र हसत नसत. त्या कच्च्या रस्त्यावर सायकलच्या मागच्या कॅरिअरवर त्या बसल्या होत्या.

हवालदार मूळचे जावळीतले, मेढ्याजवळच्या एका लहानशा गावचे. सात वर्षं पलटणीत काढून मग पोलिसात आले. अंगानं सडपातळ, बोलणं थोडं, सही मात्र फार सावकाश. एकेक अक्षर पेरल्यासारखं करत. दर माघात दहा दिवसांची रजा काढून ते गावी थोरल्या भावाकडे, नाथाजीकडे जात. भात निघालेल्या रानात खतासाठी फलटणकडच्या एका धनगराची मेंढरं बसवलेली असत. त्या कळपात वळणदार शिंगांचा एक दांडगा एडका होता. चौऱ्याहत्तरच्या माघात त्यानं काही एक कारण नसताना हवालदारांना मागून टक्कर देऊन बांधाखाली पाडलं. पुढं आठ दिवस हवालदार परेडला लंगडत होते आणि कुणी विचारलं तर "पाय मुरगळला" म्हणत. ते आयुष्यात खोटं बोलल्याचं एवढंच एक उदाहरण सांगता येईल.

पंचाहत्तर सालच्या सुरुवातीला ठाण्यात बातमी आली की कृष्णात हवालदार नेपाळला जाणार. हिवरवाडीचा धुळा तिकडे सापडला होता. हा धुळा विट्यात एका गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करणाऱ्याकडे, भाता ओढायला होता. दुष्काळ संपता संपता त्यानं एका सराफाच्या दुकानाची मागची खिडकी काढली आणि चांदीची लगड घेऊन पसार झाला. आपल्या खानापूर भागातली गलाईवाली माणसं कुठं नाहीत? काठमांडूतही होती. त्यांतल्या सयाजी नावाच्या माणसाकडे धुळा ती लगड आटवायला घेऊन गेला. सयाजीनं लगडीवरचा विट्याच्या सराफाचा छाप ओळखला. धुळ्याला जेवायला वाढलं, झोपायला जागा दिली आणि दुसऱ्या दिवशी सराफाला पत्र टाकलं. धंदा सारा विश्वासावरचा. चोराची चांदी एकदा मुशीत गेली की माणसाचं नाव आटतं.

पत्र आल्यावर सगळ्यांना वाटलं, आता आठवड्यात धुळा बेड्या घालून येणार. पण वर्ष गेलं. फाईल विट्याहून सांगलीला, सांगलीहून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला आणि तिथून काठमांडूला गेली. दर मुक्कामाला तिला नवा शिक्का आणि नवा कागद चिकटला. निघाली तेव्हा ती भाकरीएवढी होती, पोचली तेव्हा उशीएवढी झाली.

हवालदार निघायच्या आधी दोन दिवस ठाण्याच्या दारात एक म्हातारी येऊन बसली. खांद्यावर घोंगडं, कपाळाला भंडारा. ती हरणाबाई, धुळ्याची आत्या. नवरा गेलेला, मूल नाही. आईबाप गेल्यावर धुळ्याला तिनंच वाढवलं होतं.

"हवालदार, त्या मुडद्याला आणाय तुमीच निघालाय न्हवं?"

"व्हय, मावशी."

"मग त्याला येवढंच इचारा. माजा सरदार कुठाय?"

सरदार म्हणजे तिचा एडका. हिवरवाडीच्या बिरोबाच्या जत्रेत एडक्यांच्या टकरी होत आणि सरदार एकदाही हरला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात हरणाबाई खडी फोडायला जायची, आणि तिथं खायला मिळणाऱ्या सुकडीतली निम्मी पदरात बांधून एडक्याला घालायची. एके दिवशी कामावरून आली तर दावं मोकळं. एडका नाही, धुळाही नाही. आणि त्याच आठवड्यात सराफाची खिडकी निघाली.

"कसायाला दिला का बाजारात इकला? जित्ता हाय का न्हाई? चांदीशी मला काय बी करायचं न्हाई. चांदी सराफाची. एडका माजा."

"एडक्याची फिर्याद दिलीवती का तुमी?"

"घरच्या पोरावर फिर्याद कोण देतंय? मी बिरोबापुढं भंडारा उचललाय. जवर ह्यो बिरोबाच्या पारावर हुबा ऱ्हाऊन एडक्याचं सांगत न्हाई, तवर ह्याचं तोंड बघायची न्हाई." मग तिनं टेबलावरची ती उशीएवढी फाईल पाहिली. "अन् येवढा कागुद कशाला? जावा, बकोटीला धरा अन् आणा."

हवालदारांना सांगलीच्या सरकारी वकिलांनी सगळं समजावून सांगितलं होतं. ते त्यांनी हरणाबाईच्या भाषेत घातलं.

"मावशी, आपली म्हस शिवेपल्याड दुसऱ्याच्या रानात गेली, तर काठी घिऊन त्याच्या रानात घुसतो का आपुन?"

"घुसलं तर त्यो आपलंच टाळकं फोडंल."

"मग?"

"बांधावर हुबं ऱ्हाऊन हाळी देतो."

"बास. ही फाईल म्हंजी ती हाळी."

हरणाबाईनं फाईलकडे जरा आदरानं पाहिलं. "अन् त्यानं म्हस हाकललीच न्हाई तर?"

"म्हणून आदीच बोलून ठिवायचं असतं. तुजी हिकडं आली तर मी दीन, माजी तिकडं गेली तर तू दे. त्याला करार म्हणत्यात. बावीस वर्सं झाली त्येला. कुठल्या गुन्ह्याला माणूस द्यायचा त्येची यादी बी हाय. घरफोडी यादीत हाय. पर ती म्हस आपलीच हाय, अन् तिनं नुकसान केलंय, ह्येचा पुरावा दाखवाय लागतो. उगं कुणाची बी म्हस मागितली तर कोण देतंय?"

"अन् त्येचीच म्हस आपलं रान चरून परत त्येच्या गोठ्यात गेली तर?"

"ती न्हाई मिळत. आपलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला कोण बांधतंय? तिचं त्यो बघंल."

"ह्ये बराबर हाय," हरणाबाई म्हणाली आणि उठली. "एडक्याचं तेवढं इचारा."

"इचारतो," हवालदार म्हणाले. म्हणजे शब्द दिला.

फौजदार इनामदार आणि कृष्णात हवालदार काठमांडूला पोचले तेव्हा थंडी मी म्हणत होती. सयाजीच्या घरी भाकरी आणि ठेचा मिळाला, तेव्हा हवालदारांच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी तिथल्या कचेरीत धुळ्याला ताब्यात घ्यायचं होतं. धुळा बाकावर बसला होता. डोक्याला नेपाळी टोपी, तोंडावर हिवरवाडीचा पोरकटपणा तसाच. तिथल्या वयस्क अधिकाऱ्यानं कागद पुढं केले आणि हिंदीत सांगितलं, "जिस जुर्म के लिए माँगा है, उसी का मुक़दमा चलेगा. पहले का और कुछ नहीं निकालेंगे. भरोसे पर दे रहे हैं."

फौजदारांनी सही केली. साक्षीदार म्हणून हवालदारांची सही हवी होती. त्यांनी पेन हातात धरलं आणि फौजदारांच्या कानाशी वाकून विचारलं, "साहेब, एडक्याचं?"

"कागदात आहे का एडका?"

"न्हाई."

"मग नाही. घरफोडीचा खटला संपून, शिक्षा भोगून, परत इकडं यायची संधी त्याला दिल्याशिवाय मागचं दुसरं काहीही काढता येत नाही. आपल्या कायद्यातच आहे तसं."

हवालदारांनी सही केली. एकेक अक्षर पेरलं. आता त्यांचे दोन शब्द दोन बाजूंना दिलेले होते, एक हरणाबाईला आणि एक नेपाळला, आणि ते एकमेकांच्या अंगावर येत होते.

सरहद्दीवरच्या रक्सौलहून गाडी सुटली. फौजदार वरच्या फळीवर झोपले. धुळ्याचा उजवा हात हवालदारांच्या डाव्या हाताला बेडीनं जोडलेला. थोड्या वेळानं धुळा हळूच म्हणाला, "हवालदारसाब, एक सांगायचं हुतं. आत्तीचा एडका—"

"गप."

"ऐका तर—"

"गप म्हणतो न्हवं! मी ऐकलं तर मला लिवाय लागंल. लिवलं तर नवं कलम लागंल. नवं कलम लागलं म्हंजी माजी सही खोटी पडली."

"पर त्यात गुनाच न्हाई!"

"त्ये बी सांगू नगंस! गुना हाय का न्हाई ह्ये ठरवायचं म्हंजीच खटला."

धुळा दर स्टेशनला पुन्हा सुरुवात करी. कान झाकावेत तर हवालदारांचा एकच हात मोकळा. शेवटी त्यांनी मफलर काढून दोन्ही कानांवरून गच्च गुंडाळला. नेपाळच्या थंडीत घेतलेला तो मफलर मनमाडच्या उकाड्यातही सुटला नाही. घामाच्या धारा लागल्या होत्या. फौजदार खाली उतरून म्हणाले, "कृष्णात, कान दुखतायत का?"

"जरा," हवालदार म्हणाले. म्हणजे मघाशी सांगितलेलं एक उदाहरण चुकलं; खोट्याची उदाहरणं दोन झाली.

मिरज आलं तेव्हा त्यांनी धुळ्याला दम भरला, "शिक्षा भोगून सुटशील, परत जायाची संधी मिळंल, तवर त्या एडक्याचं नाव कुणापुढं काढायचं न्हाई. तुज्याच भल्याचं हाय."

धुळ्यानं ते फारच मनावर घेतलं. कोर्टात घरफोडी कबूल केली. नऊ महिने सांगलीच्या तुरुंगात घालवले. एडक्याबद्दल चकार शब्द नाही.

इकडे हरणाबाई ठाण्यात आली. "इचारलं का?"

"न्हाई, मावशी."

सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हंजी माजा एडका कुठाय ह्ये मला कळू नये, म्हणून तुमी आन् नेपाळच्या राजानं मिळून ठरवलंय?"

"तसं न्हाई, मावशी..."

"तुमी पाट द्याय आठ मैल गेलता म्हणं. माज्यापतूर आलासा की शब्द संपला व्हय?"

हे शब्द हवालदारांना बाभळीच्या काट्यासारखे लागले. त्या दिवसापासून हरणाबाई बाजारात भेटली तरी त्यांच्याकडे पाठ फिरवू लागली. हिवरवाडीचे जाणते आप्पासो मात्र तोडगा घेऊन आले. आप्पासोंनी आयुष्यात कोर्टाची पायरी चढली नव्हती, पण कायद्याचा शौक मोठा.

"कृष्णात, परत जायाची संधी दिली की झालं न्हवं? मग सोपं हाय गड्या. सुटला की यष्टीत बसवू. कंडक्टरला सांगू, नेपाळला निघालाय. म्होरल्या फाट्याला आमची चार पोरं हुबी. तितं उतरवून घ्यायचा. संधी बी झाली, एडका बी कळला!"

"आप्पासो, फाट्यापतूरच्या संधीला संधी म्हणत न्हाईत."

"मग किती लांबची लागती? कराडपतूर चालंल का?"

हवालदारांनी सरकारी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "दिवस काही लिहिलेले नाहीत. माणसाला खरोखर जाता येईल इतके द्यावेत." त्यावर हवालदारांनी लीलाबाईंचा सल्ला घेतला. लीलाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "बाळंतिणीला सुदिक घराभाईर पडाय सव्वा महिना देत्यात. ह्यालाबी तेवढा द्या." झालं, सव्वा महिना ठरला.

शहात्तरच्या माघात धुळा सुटला. त्याला ठेवायचा कुठं? गावात पाऊल टाकलं तर गावकी विचारणार, आणि विचारणं म्हणजे खटला. हवालदारांनी त्याला आपल्याच घरी आणलं. त्या साली त्यांनी गावची रजाही घेतली नाही. पोराला जायचं असेल तर सयाजीकडं काम होतंच. सयाजीनं तसं पत्रही धाडलं होतं. लीलाबाई त्याला ताटात आमटी वाढत आणि त्याच्याकडे असं बघत, की आता विचारतील.

"काय गं?" हवालदार म्हणत.

"काय न्हाई. मीठ पायजे का इचारत हुते."

"तेवढंच इचार."

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी हवालदार उठले तर धुळ्याची जागा रिकामी. वळकटी नीट घडी करून ठेवलेली, पायताण नाही, पिशवी नाही. लीलाबाईंनी तोंडाला पदर लावला. दुपारपर्यंत बातमी हिवरवाडीला पोचली. संध्याकाळी आप्पासो धोतराचा सोगा हातात धरून हजर.

"गेला न्हवं? मी सांगत हुतो, फाट्यावर पोरं हुबी करा. आता बसा नेपाळला हाळ्या देत!"

"गेला आसंल तर त्येचा हक हाय, आप्पासो. संधी दिली ती घ्यायला न्हाई तर कशाला?"

हे बोलले खरे, पण त्या दिवसांत हवालदारांना अन्न गोड लागलं नाही. हरणाबाईला आता कधीच काही कळणार नव्हतं, आणि त्याला कारण आपला मफलर. त्यांनी तो मफलर ट्रंकेच्या तळाशी टाकला.

चाळिसावा दिवस गेला. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी हिवरवाडीचा माणूस सायकल दामटत आला. "हवालदार, चला! धुळा बिरोबाच्या पारावर हुबा हाय. म्हणतोय हवालदार आल्याबिगार तोंड उघडणार न्हाई!"

पाराभोवती सारं गाव. हरणाबाई देवळाच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. धुळा धुळीनं माखलेला, पायाला फोड आलेले. हवालदारांना पाहून त्यानं पहिली गोष्ट विचारली, "साब, दिस भरलं न्हवं? मी मोजल्यात. आता नाव काढलं तर चालंल?"

"भरलं," हवालदार म्हणाले. "परत जायाचं न्हाई न्हवं तुला?"

"न्हाई जायाचं. माजं गाव हाय ह्ये." आणि मग तो पाठमोऱ्या आत्याकडे वळला. "आत्ती, एडका मी नेला. पर इकला न्हाई. तू आपल्या वाटची सुकडी त्याला घालत हुतीस. तुज्या बरगड्या दिसाय लागल्या हुत्या. तुला सांगितलं असतं तर तू सोडला नसतास. म्हणून फलटणकडच्या ज्ञानू धनगराच्या कळपात सोडला; त्यो वल्या मुलखात निघालाता. म्हनलं, दोन पावसाळं सांभाळ, मी यीन. घरी येऊन तुला सांगनार हुतो, पर मधीच मला त्या चांदीची बुद्दी झाली."

"जित्ता हाय?" हरणाबाई भिंतीलाच म्हणाली.

"जित्ता! बारा दिस तेच हुडकत हुतो. काल बघून आलोय. मी आनत हुतो, पर ज्ञानू देईना. म्हणला, मालकिणीला आन."

हरणाबाई वळली. तीन वर्षांनी तिनं भाच्याचं तोंड पाहिलं आणि पहिल्यांदा त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग त्याला जवळ घेऊन जी रडायला लागली, ती आप्पासोंनी "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणून आरोळी ठोकेपर्यंत थांबली नाही.

"कुठाय कळप?" हवालदारांनी विचारलं.

"मेढ्याजवळ. कुणा नाथाजीच्या रानात बसलाय."

हवालदारांचा हात आपोआप पाठीमागं, कमरेच्या खाली गेला.

दुसऱ्या दिवशी चौघं मेढ्याला गेले: हरणाबाई, धुळा, आप्पासो आणि हवालदार. ज्ञानू धनगर उंच, शांत माणूस. काठीवर हनुवटी टेकून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"एडका ह्यांचाच कशावरनं?"

हरणाबाई बांधावरच थांबली. रानात पाऊल टाकलं नाही. तिथूनच तिनं हाळी दिली, "सरदाऽर!" तीनशे मेंढरांतून एक मान वर झाली. मग तो जो सुटला, तो दोन-तीन मेंढ्यांना आडवं करत येऊन तिच्या पदरात तोंड खुपसून सुकडी शोधू लागला.

"पुरावा पटला," ज्ञानू म्हणाला. "न्या. पर दोन गोष्टी. ह्येची पिल्लं हितंच जल्मल्यात, ती माजी. ती द्यायचो न्हाई."

"बराबर हाय," हरणाबाई म्हणाली. "आपलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला कोण बांधतंय?"

"आन् दुसरी. आता त्येचं वय झालंय. कळपात ठिवा, पर टकरीला लावायचा न्हाई. तसा शब्द देत आसाल तर न्या."

आप्पासोंचा चेहरा पडला. सरदारला पुन्हा जत्रेत उतरवायची स्वप्नं ते येताना रस्ताभर सांगत आले होते. हरणाबाईनं एकदा त्यांच्याकडे, एकदा हवालदारांकडे पाहिलं आणि चिमूटभर भंडारा ज्ञानूच्या हातावर ठेवला. "दिला शब्द. साक्षीला हवालदार हायत."

ठाण्यात ही हकीकत ऐकून फौजदार इनामदार खुर्चीत हसून हसून वाकले. डोळे पुसत म्हणाले, "अहो कृष्णात, खटला चालवू नये असं कायद्यात होतं. ऐकू नये असं कुठं होतं?"

हवालदार विचारात पडले. "त्ये तवा सुचलं न्हाई, साहेब." आणि मग म्हणाले, "पर ऐकलं असतं तर लिवलं असतं."

त्या चैत्रात बिरोबाच्या जत्रेला हवालदार लीलाबाईंना घेऊन गेले. सरदार पाराजवळ बांधला होता, शिंगांना गुलाल, गळ्यात नवी घुंगरं. आजूबाजूच्या पाच गावचे लोक हरणाबाईच्या मागं लागले होते. एकच टक्कर, म्हातारे, फक्त एक. तिनं एकच उत्तर धरलं होतं, "शब्द दिलाय. हवालदारांना इचारा." हवालदार नमस्कार करायला म्हणून पारासमोर वाकले. सरदारनं त्यांना ओळखलं. दावं तुटल्याचा आवाज आला, आणि पुढच्या क्षणी हवालदार गुलालात पालथे पडले होते.

आप्पासो आनंदानं ओरडले, "टक्कर झाली! करार मोडला!"

"गप बसा आप्पासो," हरणाबाई हवालदारांना हात देऊन उठवत म्हणाली. "टकरीला आमी लावायचा न्हाई, असं ठरलंय. त्येनं आपणहून दिली तर त्यात आमी काय करणार?"

लीलाबाई या वेळी मात्र हसल्या. इतक्या हसल्या, की त्यांना पाराचा आधार घ्यावा लागला.